हीलर क्लेरिकला मुडद्यांच्या वाटेला लावायचं असेल तर

पत्र: "दादा, आमच्या डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या कॅम्पेनमध्ये मी लाइफ डोमेनची (म्हणजे जीव वाचवणाऱ्या शाखेची) क्लेरिक खेळते, देवीच्या पॉवरने जादू करणारी, लेव्हल ६, पाचव्या एडिशनचे २०१४ चे रूल्स. देवी गेम चालवणाऱ्या डीएमनेच बनवलेली आहे, पहाटेची देवी. आमच्या पार्टीसोबत टोबी नावाचा एक पोरगा होता, घोडे सांभाळायचा, एनपीसी, म्हणजे डीएम चालवतो ते पात्र. गेममधल्या चार दिवसांपूर्वी तो मेला. मी त्याच्यापर्यंत पोचले तोवर मिनिट उलटून गेलं होतं, मेल्यावर मिनिटाच्या आत उठवणारा रिव्हिव्हिफाय स्पेल चालला नाही, आम्ही त्याला पुरलं. तेव्हापासून माझ्या क्लेरिकचं मन उडालंय आणि खरं सांगू तर माझंही, कारण प्रत्येक फाइटमध्ये माझं काम एकच, पडलेल्याला उठवा. मला तिला नेक्रोमन्सीकडे, म्हणजे मरणाच्या आणि मुडद्यांच्या जादूकडे न्यायचंय. डीएम म्हणतो कसं ते तू सांग. पॅलाडिन, म्हणजे धर्मयोद्धा खेळणारा म्हणतो एक जरी सांगाडा दिसला तरी मी स्माइट, म्हणजे दैवी शक्तीचा वार मारणार. नवीन कॅरेक्टर बनवू का? देवी पॉवर काढून घेईल का? आणि मग हीलिंग कोण करणार? — दमलेली हीलर"

अगं दमलेल्या हीलरबाई, पहिली गोष्ट, नवीन कॅरेक्टर अजिबात बनवू नकोस. पत्रात तू दोन दुखणी एकत्र कालवलीयेस, एक तुझ्या क्लेरिकचं आणि एक तुझं. तुला कंटाळा आलाय, त्यावर उपाय आहे, खाली सांगतो. पण क्लेरिकला जे झालंय ते म्हणजे फुकटात हातात आलेली स्टोरी आहे, डीएमने सहा महिने डोकं खाजवलं असतं तरी एवढी चांगली सुचली नसती. एक बाई जिचं अख्खं आयुष्य लोकांना मरणाच्या दारातून ओढून आणण्यात गेलं, ती एका पोरापाशी मिनिटभर उशिरा पोचली. आता हिला "हीलिंगचा वीट आला म्हणून काळी जादू शिकले" असं काहीतरी करायला लावलंस तर सगळं मुसळ केरात. ती हीलर आहे *म्हणूनच* या वाटेला लागली पाहिजे. पेशंट मेलाय हे मान्यच न करणारी हीलर, एवढं एक वाक्य तुझ्या कॅरेक्टर शीटच्या वर लिहून ठेव आणि पुढचे सगळे निर्णय त्यावरून घे.

आता गंमत बघ, सुरुवात कुठून करायची ते तुझ्या स्पेल लिस्टमध्ये आत्ता पडलेलंच आहे आणि तू बहुतेक तिकडे बघितलेलंच नाहीयेस. जेंटल रिपोज. दुसऱ्या लेव्हलचा स्पेल, नेक्रोमन्सी, आणि रिच्युअल आहे म्हणजे तयार केलेला असेल तर दहा मिनिटं जास्त लावून स्लॉट (दिवसाचा स्पेलचा मोजका कोटा) न जाळता करता येतो. प्रेताला हात लावायचा, चिमूटभर मीठ आणि दोन्ही डोळ्यांवर एकेक तांब्याचं नाणं, आणि ती नाणी स्पेल असेपर्यंत तिथून हलता कामा नयेत. दहा दिवस प्रेत सडत नाही, अनडेड (जादूने चालता-फिरता मुडदा) होऊ शकत नाही, आणि महत्त्वाचं म्हणजे हे दिवस मेलेल्याला उठवणाऱ्या स्पेल्सच्या मुदतीत धरलेच जात नाहीत. मेलेल्याला जिवंत करणाऱ्या रेझ डेडची मुदत दहा दिवस. टोबीला मरून झालेत चार. म्हणजे आज जेंटल रिपोज टाकलंस की घड्याळ चारवर थांबलं, दर दहा दिवसांनी परत टाकत राहा, कॅरेक्टर लेव्हल ९ ला तुला पाचव्या लेव्हलचे स्पेल मिळतील (स्पेलची लेव्हल वेगळी मोजतात) तेव्हा ५०० गोल्डचा हिरा आणि रेझ डेड. पोरगा परत.

फक्त एक अडचण आहे, तो पुरलेला आहे.

पुढचं सेशन इथून सुरू कर. रात्र, तुझी क्लेरिक उठते आणि एकटीच फावडं घेऊन निघते, किंवा त्याहून भारी म्हणजे पॅलाडिनला उठवते आणि म्हणते, कंदील धर. जिने चार दिवसांपूर्वी स्वतः अंत्यविधी केला तीच कबर उकरतेय. एकही सांगाडा उभा राहिलेला नाही, कुठलाही नियम मोडलेला नाही, उलट रूल्सप्रमाणे ती त्या पोराचा जीव वाचवायचाच प्रयत्न करतेय, आणि तरीही टेबलावरच्या प्रत्येकाच्या पोटात गोळा येणार. पॅलाडिनने अनडेड हुडकणारं डिव्हाइन सेन्स वापरलं तरी काही दिसणार नाही, कारण ते साधं प्रेत आहे, अनडेड नाही. मग ते प्रेत गाडीत घालून पुढचे तीन लेव्हल फिरायचं. खड्ड्यांच्या रस्त्यावरून गाडी चाललीय आणि ही बया मागे बसून डोळ्यांवरची नाणी सरकू नयेत म्हणून त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलीय. आता मला सांग, हिला नेक्रोमन्सर करायला अजून काय लागतं? सांगाडे नंतर येतील, ते येणारच, कारण ज्या बाईने एवढं केलं ती पुढचंही करेल यावर आता सगळ्यांचा विश्वास बसलाय.

डीएमला मात्र आधी विचारून घे की चार दिवस मातीत राहिलेलं प्रेत तो चालवून घेईल का, रेझ डेडला डोकं किंवा जगायला लागणारे अवयवच गायब असतील तर ते चालत नाही, आणि किडेमुंग्यांच्या नावाखाली डीएम लोक काय करतील सांगता येत नाही.

आता तुझ्या पॅलाडिनवाल्यासाठी थोडा मालमसाला. १९८९ ची एडीअँडडी सेकंड एडिशन काढ, म्हणजे याच गेमची जुनी आवृत्ती, त्यात क्युअर लाइट वूंड्स हा स्पेल नेक्रोमन्सी स्कूलचा, म्हणजे जादूच्या त्या प्रकारातला होता. हो, जखम भरणारा, साधा, पहिल्या लेव्हलचा. जीवन आणि मरण यांच्या शक्तीशी खेळणारं सगळं ते एकाच डब्यात टाकायचे. २००० च्या तिसऱ्या एडिशनने तो उचलून कंज्युरेशनमध्ये टाकला, २०१४ मध्ये तो इव्होकेशन झाला, २०२४ च्या नव्या पुस्तकात अ‍ॅबज्युरेशन, म्हणजे बिचाऱ्याला घर सापडतच नाहीये. पण तुम्ही खेळताय त्या रूल्समध्ये सुद्धा स्पेअर द डाइंग, रिव्हिव्हिफाय, रेझ डेड हे सगळे आजही नेक्रोमन्सीच आहेत. तुमच्यापैकी ज्याला कुणाला कधी रिव्हिव्हिफायने उठवलं असेल तो नेक्रोमन्सीच्या जिवावरच चालतोय. हे तुझ्या क्लेरिकच्या तोंडी घाल, पॅलाडिन गप्प बसेल. निदान एक सेशन तरी.

डोमेन बदलायचं का? माझं मत, आत्ता नाही. ॲनिमेट डेड, म्हणजे प्रेतातून सांगाडे किंवा झोंबी उभे करणारा, हा क्लेरिकच्या साध्या लिस्टमधला तिसऱ्या लेव्हलचा स्पेल आहे, कुठल्याही डोमेनच्या क्लेरिकला लेव्हल ५ पासून तयार करता येतो, म्हणजे तुला गेली एक लेव्हल येतोच आहे. स्पीक विथ डेड, बिस्टो कर्स, ब्लाइंडनेस, इन्फ्लिक्ट वूंड्स, सगळे तुझेच. आणि लाइफ डोमेनमुळे ब्लेस, क्युअर वूंड्स, लेसर रिस्टोरेशन, स्पिरिच्युअल वेपन, बीकन ऑफ होप आणि रिव्हिव्हिफाय हे सहा तुला कायम तयारच असतात, मोजणीत धरले जात नाहीत. तुझं विज्डम १८ असेल तर वर अजून दहा स्पेल तयार करता येतात आणि त्या दहांपैकी अर्धे मुडद्यांचे केलेस तरी पार्टीचं हीलिंग इंचभरही कमी होत नाही. हेच बाकीच्यांना समजावून सांग, कारण त्यांची खरी भीती पाप-पुण्याची नसते, मी पडलो तर मला कोण उठवणार याची असते.

लोक तुला ग्रेव्ह डोमेन घे म्हणून सांगतील, झॅनाथार्स गाईडमधलं. डोमेन झकास आहे पण तुझ्या कामाचं नाही, ग्रेव्हवाले अनडेडचे कट्टर शत्रू, त्यांच्या पॉवरमध्येच अनडेड हुडकणं आहे, सांगाडे पाळायला हे म्हणजे उंदराने मांजर पाळण्यासारखं. डेथ डोमेन २०१४ च्या डीएम गाईडमध्ये आहे, तिथे ते व्हिलनसाठी म्हणून दिलंय, डीएमची परवानगी लागतेच, आणि त्यात मारामारीचं सामान जास्त आहे, नेक्रोटिक डॅमेज वगैरे. टाशाच्या पुस्तकात एक ऑप्शनल रूल आहे की डीएम हो म्हणाला तर सबक्लासचं (तुझ्या बाबतीत डोमेनचं) नवं फीचर मिळतं त्या लेव्हलला सबक्लासच बदलता येतो. तुझं पुढचं डोमेन फीचर लेव्हल ८ ला, डिव्हाइन स्ट्राइक, लाइफमध्ये ते रेडिएंट आणि डेथमध्ये नेक्रोटिक. तेव्हा ठरव. तोवर दोन लेव्हल आहेत, आणि बदललंस तर वरचे सहा फुकटचे स्पेल जाणार हे लक्षात ठेव, मग हीलिंगचा प्रश्न खरंच उभा राहील. मी तुझ्या जागी असतो तर शेवटपर्यंत लाइफच ठेवलं असतं. लाइफ डोमेनची नेक्रोमन्सर यात जी मजा आहे ती डेथ डोमेनच्या नेक्रोमन्सरमध्ये नाही, तो तर नावातच सांगून मोकळा झालाय.

आता प्रत्यक्ष सांगाडे उभे करायचे तेव्हा काय होतं ते ऐक, कारण इथे नवखे लोक तोंडावर आपटतात. ॲनिमेट डेडला एक मिनिट लागतं म्हणजे फाइटच्या मधोमध विसर. ताबा २४ तास. ते २४ तास संपायच्या *आत* परत स्पेल टाकलास तर एका तिसऱ्या लेव्हलच्या स्लॉटमध्ये चार जणांवरचा ताबा वाढवून मिळतो, नाही टाकलास तर ते तुझं ऐकणं बंद करतात आणि मग तुझ्या तंबूबाहेर जे उभं असतं ते कुणाचंच नसतं. म्हणून रात्री झोपायच्या आधी उरलेल्या स्लॉटमधून टाकायचा, झोपून उठलं की स्लॉट परत, दिवस मोकळा. पण दुसऱ्या दिवशी झोपायला आदल्या दिवसापेक्षा उशीर झाला, एखादी फाइट लांबली आणि तिसऱ्या लेव्हलचे तिन्ही स्लॉट संपले, की झालं. डीएमला हे माहीत असतं बरं का, आणि चांगला डीएम ते एकदा तरी करतोच.

दुसरं, तुझे सांगाडे तुला बरे करता येत नाहीत. क्युअर वूंड्स अनडेडवर चालत नाही, तुझी ती लाडकी चॅनल डिव्हिनिटी (देवीची खास पॉवर) प्रिझर्व्ह लाइफ पण चालत नाही. एड आणि ब्लेस हे स्पेल चालतात. बाकी हातावर हात धरून बघत बसायचं, आणि एका हीलरला हे किती झोंबेल विचार कर, ते खेळून दाखव. आणि सवयीने अनडेडना पळवून लावणारं टर्न अनडेड तर चुकूनही वापरू नकोस. त्यात तीस फुटांतले तुला बघू किंवा ऐकू शकणारे *सगळे* अनडेड येतात, तुझे स्वतःचे पण, आणि लेव्हल ५ पासून चॅलेंज रेटिंग (राक्षस किती तगडा ते) अर्धा किंवा त्याहून कमी असलेले सेव्ह (वाचण्यासाठीचा डाइस) हुकले की जागीच नष्ट. सांगाड्याचं रेटिंग पाव. म्हणजे देवीचं नाव घेतलंस की तुझीच फौज खलास. देवी रागावलीय का या तुझ्या प्रश्नाचं याहून चांगलं उत्तर कुठल्याही डीएमला सुचणार नाही, आणि ते आधीपासून रूलमध्ये छापलेलं आहे!

तिसरं मला सगळ्यात जास्त आवडतं. सांगाड्यांना हुकूम द्यायला बोनस ॲक्शन लागते, टर्नमधली ती एक जादाची छोटी कृती. लांबूनच बरं करणाऱ्या हीलिंग वर्डला पण बोनस ॲक्शनच लागते. म्हणजे चित्र बघ, रेंजर शून्यावर पडलाय, जगेल का मरेल याचे डाइस (डेथ सेव्ह) टाकतोय, समोरून ओगर येतोय, तुझे दोन सांगाडे धनुष्य घेऊन वाट बघतायत आणि तुझ्या हातात बोनस ॲक्शन एकच. मित्राला उठवू का मुडद्यांना हुकूम देऊ? ॲक्शन वापरून क्युअर वूंड्स करता येईल पण त्यासाठी रेंजरला हात लावायला जावं लागेल, ओगरच्या तावडीत. प्रत्येक टर्नला तुझ्या कॅरेक्टरचा अख्खा झगडा या एका निवडीत येतो, त्यासाठी वेगळी स्पीच द्यायची गरज नाही. आणि "अगं मला उठव"चा तुझा कंटाळा इथे संपतो, कारण आता उठवणं ही ड्यूटी न राहता चॉइस झालीय. एक टीप, एकदा दिलेला हुकूम काम होईपर्यंत चालू राहतो, म्हणून फाइटच्या आधीच "या दाराशी येईल त्याच्यावर बाण मार" असं सांगून ठेवायचं, मग बोनस ॲक्शन वाचते.

दोनपेक्षा जास्त सांगाडे मात्र ठेवू नकोस. रूलप्रमाणे तुला बरेच सांभाळता येतील, पण आठ सांगाड्यांची टर्न म्हणजे बाकीचे चार जण मोबाइल बघणार. दोघांचे डाइस एकदम टाक, डॅमेज सरळ ॲव्हरेज धर, धनुष्याचं ५. आणि जमलं तर एक सांगाडा शेजारच्या प्लेयरला चालवायला दे, एकदा चालवला की विरोध निम्मा गळतो, हे मी बऱ्याच टेबलांवर बघितलंय.

देवीचं म्हणशील तर २०१४ च्या रूल्समध्ये क्लेरिकची पॉवर आपोआप जात नाही. ३.५ एडिशनमध्ये जायची, तिथे चांगल्या अलाइनमेंटच्या (सज्जन वृत्तीच्या) क्लेरिकला ॲनिमेट डेड टाकताच यायचा नाही, त्यावर ईव्हलचा शिक्का होता. तुमच्या प्लेयर्स हँडबुकमध्ये एवढंच म्हटलंय की अनडेड बनवणं हे चांगलं काम नाही आणि ते वारंवार करणारे दुष्टच असतात. वारंवार हा शब्द डीएमला दाखव, तिथे भरपूर जागा आहे. मी डीएम असतो तर पॉवर काढून घेतली नसती. स्पेल सगळे चालू ठेवले असते, फक्त देवी बोलायची बंद. रोज पहाटे प्रार्थना करायची, स्पेल भरले जातात, पण पलीकडून काहीच नाही. मग ती पोरगी विचार करत बसेल की देवीने माफ केलंय, की स्पेल आता दुसरंच कुणीतरी पुरवतंय. पॉवर गेली की प्रश्नच संपला, प्लेयर नुसता रुसतो.

राहता राहिला पॅलाडिन. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो, "मी स्माइट मारणार" हे कॅरेक्टर म्हणतंय का माणूस म्हणतोय ते आधी शोध, आणि ते सेशनच्या बाहेर, फोनवर किंवा समोर बसून. माणूस म्हणत असेल तर तिथे कारण असू शकतं. प्रेतं, कबरी, मेलेलं लहान पोर, ही प्रत्येकाला चालतील अशी गोष्ट नाहीये, कुणाच्या घरी नुकतंच काही झालेलं असतं आणि तो गेममध्ये ते विसरायला येतो. फक्त त्यालाच नको, सगळ्यांनाच विचार, आणि कुणी नको म्हटलं तर कबरीचा सीन दोन वाक्यांत पडद्याआड उरक किंवा सोडूनच दे, वाद घालू नकोस. नुसतं कॅरेक्टर म्हणत असेल तर मग मज्जाच मजा. त्याला शत्रू न करता साक्षीदार कर. तुझ्या क्लेरिकने त्याच्यासमोर अटी घालून घ्यायच्या: स्पीक विथ डेडने विचारल्याशिवाय कुणाला उठवणार नाही, त्यात पाच प्रश्न मिळतात त्यातला एक हाच, उठू का नको. काम झालं की परत विधीने पुरणार. आणि मी यातलं काही मोडलं तर तुझी तलवार आहेच. आता त्याच्याकडे सांगाडे फोडायचं एक कारण आहे, आणि न फोडायचं पण. पुढे कधीतरी तू अट मोडणार, ते उघड आहे, पण कधी ते त्याला माहीत नाही आणि तुलाही नाही.

मोडायची जागा कुठे ते मी सांगून ठेवतो. टोबी. कधीतरी अशी वेळ येईल की जेंटल रिपोजची मुदत संपलीय, गाडीत पोराचं प्रेत आहे, बाहेर शत्रू आहेत आणि तुझ्याकडे शेवटचा तिसऱ्या लेव्हलचा स्लॉट आहे. अनडेड झालेल्याला रेझ डेडने परत आणता येत नाही. तो झोंबी पाडल्यानंतर पुन्हा प्रेत म्हणून चालतो का, यावर प्रत्येक टेबलावर वेगळं मत ऐकायला मिळेल, म्हणून ते डीएमकडून आत्ताच वदवून घे, वेळ आल्यावर भांडत बसू नकोस. आणि रेझ डेडला आत्म्याची इच्छा लागते हेही त्याला आठवण करून दे, म्हणजे लेव्हल ९ ला एवढा हिरा जाळून सुद्धा टोबी नाही म्हणू शकतो. तो नाही म्हणाला तर काय हे मात्र डीएमला विचारू नकोस, ते त्याला त्याचं ठरवू दे.

आज रात्री डीएमला एवढंच कळव: मातीतलं प्रेत चालेल का, झोंबीचं काय, देवी गप्प राहिली तर आवडेल का, आणि पुढच्या सेशनला फावडं कुठे मिळेल.